बातमीचं कार्ड

ग्रंथालयातल्या संदर्भ विभागाच्या टेबलापाशी हल्ली पुस्तकांपेक्षा फोन जास्त पुढं येतात. समोरचा माणूस फोन माझ्याकडे वळवतो आणि विचारतो, "मॅडम, हे खरं आहे का?" सव्वीस वर्षं मी या खुर्चीत बसते आहे, पण या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. दिलं तर ते माझं मत होईल, आणि मत द्यायला माणसं काही कमी नाहीत. मी खणातून एक कोरं कार्ड काढते, पेन पुढं करते आणि म्हणते, "आधी याचं कार्ड करू या."

कार्ड म्हणजे जुन्या तालिकेतलं, ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींच्या खणातलं कार्ड. साडेबारा सेंटिमीटर लांब, साडेसात उंच, खाली मधोमध भोक. त्या भोकातून खणातली सळई जायची, म्हणजे कार्ड कुणाला उपसून नेता येऊ नये. नोंदी संगणकावर गेल्या तेव्हा आमच्याकडे कोऱ्या कार्डांचे गठ्ठे उरले. जगभर हेच झालं. ग्रंथालयांना छापील कार्डं पुरवणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकी संस्थेनं शेवटची कार्डं ऑक्टोबर २०१५ मध्ये छापली. आमचे गठ्ठे रद्दीत घालायचं ठरलं होतं. मी घालू दिले नाहीत, आता ते बातम्यांसाठी वापरते. तुम्हाला वहीचं पाव पान चालेल. जागा मात्र थोडीच ठेवा. पानभर जागा मिळाली की माणूस त्यावर मत लिहायला लागतो.

कार्डावर सहा गोष्टी येतात: विधान, कर्ता, तारीख, विषय, आवृत्ती, ठिकाण. पुस्तकाच्या नोंदीतही साधारण याच असतात. त्या कशा भरायच्या ते सांगते. काही ओळींना दोन मिनिटं लागतात, काहींना दुपार जाते.

मुखपृष्ठ झाका

तालिकाकाराला, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्याला, पहिल्याच दिवशी बजावलं जातं की मुखपृष्ठावरून काही उतरवून घ्यायचं नाही. नोंद करायची ती आतल्या शीर्षकपानावरून आणि त्या पानाच्या पाठीवरून, जिथं प्रकाशक, वर्ष, आवृत्ती बारीक अक्षरात छापलेलं असतं. मुखपृष्ठ पुस्तक विकायला असतं, शीर्षकपान त्याची ओळख पटवायला.

बातमीचा मथळा हे मुखपृष्ठ आहे. तो बहुधा बातमीदारानं दिलेलाच नसतो, डेस्कवरच्या दुसऱ्या कुणी तरी दिलेला असतो. तेव्हा मथळ्यावर अंगठा ठेवा, आतला मजकूर वाचा आणि बातमी काय म्हणते ते स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. वाक्याला क्रियापद हवं. एवढीच अट.

आमच्याकडे रोज सकाळी येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. "फोनमुळं स्मरणशक्ती खलास, शास्त्रज्ञांचा इशारा" असा निरोप घेऊन ते आले. मी म्हटलं, "सर, वाक्य लिहा." त्यांनी "फोनमुळं स्मरणशक्ती" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. जाते? कमी होते? कुणाची? किती? निरोप पुन्हा वाचला तर आत शब्द होते, "परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही." सरांनी तेच उतरवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग यात बातमी काय आहे?"

राजकारणाची बातमी तर क्रियापदावर बोट ठेवूनच वाचावी. समितीनं शिफारस केली, मंत्र्यांनी घोषणा केली, मसुदा हरकतींसाठी खुला झाला, विधेयक मांडलं, विधेयक मंजूर झालं, कायदा अमलात आला: ही सहा वेगवेगळी कार्डं आहेत आणि मथळ्यात सहाही वेळा "आता बंदी!" एवढंच असतं. न्यायालयाचंही तसंच. सुनावणीत न्यायाधीशांच्या तोंडून निघालेला शेरा आणि निकालपत्रातला आदेश यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि दोन्ही ठिकाणी "न्यायालयानं फटकारलं" हेच छापून येतं.

दहा दाखलांक, वर्गांक एक

कर्त्याच्या ओळीत बहुतेकांची गाडी अडते. "सगळीकडे आलंय की!" हे वाक्य मी आठवड्यातून दहादा ऐकते.

ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या दहा प्रती आल्या तर दाखल नोंदवहीत दहा दाखलांक पडतात, प्रत्येक प्रतीला वेगळा. पुस्तकाचा विषय सांगणारा वर्गांक मात्र दहाही प्रतींवर एकच. प्रती मोजून पुस्तकं मोजली असं कुणी म्हणत नाही. बातम्यांचा व्यवहारही प्रतींचाच आहे. एपी ही वृत्तसंस्था १८४६ मध्ये निघाली, रॉयटर्स १८५१ मध्ये. तेव्हापासून एका बातमीदारानं धाडलेला मजकूर शेकडो वृत्तपत्रांनी छापायचा, ही रीतच आहे. त्यात गैर काही नाही, फक्त आपण वाचताना ते दहा साक्षीदार धरू नयेत.

तपासायची युक्ती सोपी आहे. बातमीतलं जरा वेगळ्या घडणीचं एक वाक्य उचला, दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य शब्दन् शब्द बारा ठिकाणी आलं तर तुमच्या हाती एका पुस्तकाच्या बारा प्रती आहेत. मग उलट पावली चाला. "अमुक वाहिनीच्या वृत्तानुसार" असं असेल तर त्या वाहिनीकडे जा, तिथं "तमुक दैनिकानं म्हटलं आहे" असेल तर त्या दैनिकाकडे. पुढं जायला वाट उरत नाही तिथं थांबा. तिथं एक तर घटनास्थळी हजर असलेला बातमीदार असतो, किंवा एखादा कागद असतो, किंवा ज्यानं ते म्हटलं तो माणूस. त्याचं नाव कर्त्याच्या ओळीत लिहा. नाव न सांगण्याच्या अटीवर बोललेला अधिकारी असेल तर ते टाकाऊ समजू नका. मोठमोठी प्रकरणं अशाच माणसांनी बाहेर काढलेली आहेत. तसं लिहा: "नाव न दिलेला अधिकारी, अमुक दैनिकाच्या भरवशावर." भरवसा कुणाचा घेतला हे कार्डावर राहिलं की पुढं भांडण होत नाही.

व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर दोन बाण दिसले तर त्याचा अर्थ तो मजकूर किमान पाच हातांतून पुढं गेला आहे. खोटा आहे असं बाण म्हणत नाहीत. मूळ माणूस फार लांब राहिला, एवढंच ते सांगतात.

आणि कर्ता सापडलाच नाही तर? इथं तालिकाकारांचा एक जुना नियम उपयोगी पडतो. पुस्तकात जे छापलेलं नाही, तालिकाकारानं अंदाजानं किंवा बाहेरून शोधून घातलेलं आहे, ते चौकोनी कंसात लिहायचं. वर्षाचा अंदाज असेल तर कंसात वर्ष आणि पुढं प्रश्नचिन्ह: [१९५२?]. म्हणजे पन्नास वर्षांनी कार्ड वाचणाऱ्याला पुस्तक काय म्हणालं आणि ग्रंथपाल काय म्हणाला हे वेगळं दिसतं. मला विचाराल तर आमच्या धंद्यानं शोधलेली ही सगळ्यात प्रामाणिक खूण आहे. बातमी वाचताना मनात आलेलं सगळं खुशाल लिहा, पण कंसात. "[निवडणूक जवळ आली म्हणून?]" असं लिहायला काहीच हरकत नाही. पुढच्याला सांगताना मात्र कंसही सांगायचा.

आता संकेतस्थळ ओळखीचं नसेल तेव्हा. कित्येक वर्षं मी मुलांना शिकवत असे की संकेतस्थळ उघडा, "आमच्याविषयी" पान वाचा, मांडणी पाहा, शुद्धलेखन पाहा, पत्ता पाहा. आम्हा ग्रंथपालांच्या हातात तशा तपासण्या होत्याच. त्यातली सगळ्यात गाजलेली २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठ ग्रंथालयातून निघाली. मग सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांचं २०१७ चं काम वाचनात आलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या या दोघांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी घेतले आणि अनोळखी संकेतस्थळं दाखवून त्यांचं वागणं पाहिलं. विद्वान इतिहासकार त्याच पानावर वरून खाली वाचत राहिले आणि बऱ्याचदा फसले. तथ्यतपासनीस मात्र आल्या पावली पानातून बाहेर पडले, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. म्हणजे मी शिकवत होते ते मलपृष्ठावरचा मजकूर वाचून पुस्तकाची पारख करण्यासारखं होतं. "आमच्याविषयी" हे पान कोण लिहितं? तेच. घर बघायला गेल्यावर घरमालकाला विचारत नाहीत, शेजाऱ्याला विचारतात. तेव्हा नाव कॉपी करा, नवी खिडकी उघडा, त्या नावाबरोबर "मालक", "निधी", "टीका", "खटला" असे शब्द घालून शोधा. चार-पाच मिनिटांत पुष्कळ कळतं.

दोन तारखा

ही ओळ मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

काही वर्षांपूर्वी वाचनकक्षाबाहेरच्या फळ्यावर मी "आजचं चित्र" लावत असे. एका देशात मोठा पूर आला होता. इंटरनेटवरून एक भेदक फोटो घेतला: छपरापर्यंत बुडालेली बस, वर बसलेली माणसं. खाली मोठ्या अक्षरात देशाचं नाव आणि कालची तारीख. तीन दिवस तो तिथं होता. तिसऱ्या दिवशी कॉलेजातला एक मुलगा आला आणि म्हणाला, "मॅडम, त्या देशात गाड्या डाव्या बाजूनं चालतात ना? मग या बसचं दार उजवीकडे कसं?" मी फोटो उतरवला आणि उलटा शोध लावला, म्हणजे फोटोच टाकून तो आधी कुठं आला होता ते शोधलं. चार वर्षं जुना निघाला, खंडही दुसराच. मी लिहिलेली कालची तारीख ही तो मला मिळाल्याची तारीख होती.

म्हणून कार्डावर तारखा दोन घालायच्या: घडलं केव्हा आणि छापलं किंवा चढवलं केव्हा. फोटोसाठी गुगल लेन्स किंवा टिनआय वापरा. फोनवर फोटोवर बोट दाबून धरलं की बहुतेक ब्राउझर चित्रावरून शोधण्याचा पर्याय देतात. टिनआयमध्ये निकाल "सगळ्यात जुने आधी" असे लावता येतात, ते लावाच. आपल्याला शोधायची असते ती पहिली प्रत. फोटोवर कुणी मजकूर चिकटवला असेल तर तेवढा भाग कापून टाका. काहीच सापडलं नाही तर फोटो आरशातल्यासारखा उलटवून पाहा. जुना माल नवा म्हणून खपवणारे पुष्कळदा तेवढंच करतात. व्हिडिओ असेल तर तो मध्येच थांबवा, ज्या चौकटीत पाटी, इमारत किंवा डोंगर स्पष्ट दिसतो तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच शोधा. फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या तारखेची आशा धरू नका. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रातली ती माहिती वाटेतच गळून पडते.

यंत्रानं बनवलेली चित्रं डोळ्यांनी ओळखण्याचे धडे मी आता देत नाही. चित्रातल्या हाताची बोटं मोजून यंत्राची चूक पकडायचे दिवस गेले. चित्र कुठं पहिल्यांदा दिसलं, ते कुणी टाकलं आणि त्याच जागेचे दुसऱ्या कोनातून काढलेले फोटो आहेत का, हे तीन प्रश्न जुन्या फोटोंनाही लागू पडतात आणि नव्यांनाही.

कुठल्या नावाखाली ठेवायचं?

विषयाची ओळ लोकांना फालतू वाटते. मला ती सगळ्यात आवडते.

पुस्तक कुठल्या विषयशीर्षकाखाली ठेवायचं हे ठरवणं म्हणजे अर्धा निकाल देणं असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या विषयसूचीत परदेशातून कागदपत्रांविना आलेल्या माणसांसाठी "बेकायदा परके" अशा अर्थाचं शीर्षक होतं. तिथल्याच डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये त्याला हरकत घेतली. २०१६ मध्ये ग्रंथालयानं बदल जाहीर केला, तर अमेरिकी संसदेत त्यावरून वादंग झालं आणि बदल अडकला. शेवटी २०२१ मध्ये शीर्षक बदललं. सात वर्षं दोन शब्दांसाठी! ज्यांना हे हास्यास्पद वाटतं त्यांनी आपल्या वृत्तपत्रातल्या एकाच घटनेसाठीचे शब्द मांडून पाहावेत: आंदोलन, निदर्शनं, दंगल, उद्रेक. किंवा बंडखोर, अतिरेकी, स्वातंत्र्यसैनिक. शब्द निवडला की वाचकाची बाजूही बहुतेक ठरून जाते.

कार्डावर काय करायचं? बातमीतला शब्द काट मारून ठेवा आणि त्याजागी त्या घटनेतल्या दोन्ही बाजूंची माणसं वाचून मान डोलावतील असा कोरडा शब्द लिहा. "हल्लेखोर जमाव" ऐवजी "कार्यालयात शिरलेले सुमारे दोनशे लोक." जमलं नाही तर हरकत नाही, पण प्रयत्नात कळतं की बातमी किती आणि विशेषण किती. मग खाली जुन्या तालिकेतल्यासारखी "पाहा" नोंद करा: उद्रेक, पाहा: निदर्शनं. याचा व्यवहारात फार उपयोग होतो, कारण शोधयंत्रात आपण जो शब्द घालतो त्याच शब्दानं बोलणारी माणसं समोर येतात. एकदा या शब्दानं शोधा, एकदा त्या शब्दानं. दोन वेगळीच जगं दिसतील. मराठीत शोधताना लेखनाचे फरकही वापरून पाहा. कोविड आणि कोव्हिड, व्हिडिओ आणि व्हीडिओ यांचे निकाल सारखे येतीलच असं नाही.

आवृत्ती, आणि कुठं ठेवलंय

पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत लेखकानं काय सुधारलं हे पाहिल्याशिवाय पहिली आवृत्ती पुढं करू नये. बातमीची दुसरी आवृत्ती मात्र पहिलीच्या मागे धावताना दमते. एमएमआर ही गोवर, गालगुंड, रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. लॅन्सेटनं तो फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला. मधली बारा वर्षं तो लेख उद्धृत होत राहिला, आणि आजही कुणी तरी त्याचाच हवाला माझ्यापुढं ठेवतं. शोधनिबंधाचा दाखला असेल तर नियतकालिकाच्या मूळ पानावर जा. मागे घेतलेल्या लेखावर तसं ठळक लिहिलेलं असतं. "रिट्रॅक्शन वॉच" नावाचा अशा लेखांचा साठा सर्वांना खुला आहे, तोही चाळा. संकेतस्थळावरची बातमी असेल तर तळाशी "दुरुस्ती" किंवा "अद्ययावत" असं काही आहे का बघा. आणि ज्या बातमीवर तुमचं काही अडलं आहे तिच्याकडे दोन दिवसांनी पुन्हा जा.

ठिकाणाची ओळ म्हणजे ही गोष्ट परत काढायची तर कुठून काढायची. स्क्रीनशॉट हे ठिकाण नव्हे. तो कुणालाही दोन मिनिटांत बनवता येतो. दुवा हे ठिकाण आहे, पण ते टिकत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जायचं, "हे पान जतन करा" अशा अर्थाची चौकट असते तिच्यात दुवा घालायचा, आणि मिळालेला नवा, तारीखवार दुवा कार्डावर उतरवायचा. पान नंतर कुणी गुपचूप बदललं तरी तुमच्या तारखेची प्रत तिथं राहते. तिथंच जुन्या प्रती शेजारी शेजारी ठेवून काय बदललं तेही पाहता येतं.

पण एकाच कपाटावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवरच हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी हल्ला केला. तिथली तालिका लोकांना पुन्हा बघायला मिळाली ती जानेवारी २०२४ च्या मध्यावर, आणि तीही नुसती बघायला. त्या दिवसांत मला आमच्या रद्दीतून वाचलेल्या कार्डांचा जरा जास्तच अभिमान वाटला, हे कबूल करते. विकत घेतलेलं डिजिटल पुस्तकही आपलं असतंच असं नाही. २००९ मध्ये ॲमेझॉननं हक्कांच्या घोळावरून लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. म्हणून कामाचं पान पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी.

यंत्रानं दिलेली यादी

गेल्या दोन-तीन वर्षांत हा नवा प्रकार वाढला आहे. एक मुलगी प्रकल्पासाठी सात पुस्तकांची यादी घेऊन आली. नावं अगदी बेतशीर, लेखकही त्या विषयातलेच. चार पुस्तकं सापडली. तीन कुठल्याच तालिकेत नव्हती. मी विचारलं, "यादी कुणी दिली?" ती म्हणाली, "चॅटबॉटनं. पण मी त्याला विचारलं होतं ना, ही खरी आहेत का म्हणून. तो हो म्हणाला."

न्यूयॉर्कच्या एका वकिलानं नेमकं हेच केलं होतं. विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यानं चॅटजीपीटीनं सुचवलेले सहा जुने निकाल दाखल केले. ते अस्तित्वातच नव्हते. शंका आली तेव्हा त्यानं पुन्हा त्याच यंत्राला विचारलं, खरं आहे का? यंत्र हो म्हणालं. जून २०२३ मध्ये न्यायालयानं या प्रकरणातल्या दोन वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला मिळून ५,००० डॉलर दंड केला. हे यंत्र उत्तर रचताना एका शब्दापुढं कुठला शब्द शोभेल याचा हिशेब करतं. जाळ्यावर शोध घेऊन दुवे देणारी यंत्रंही आली आहेत, पण दुवा दिला म्हणजे तिथं तेच लिहिलेलं असतं असं नाही; उघडून वाचावं लागतं.

पुस्तक असेल तर वर्ल्डकॅट या जागतिक तालिकेत आणि एखाद्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तालिकेत नाव टाका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिला असेल तर बोटांवर तपासता येतो. तेरा अंकांना डावीकडून आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणा आणि बेरीज करा. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. ९७८०३०६४०६१५७ घ्या: ९+२१+८+०+३+०+६+१२+०+१८+१+१५+७, एकूण १००. बरोबर. भाग गेला नाही तर तो क्रमांक चुकलेला किंवा बनावट. भाग गेला म्हणून पुस्तक आहे असं सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवा. तेरा अंकी क्रमांक २००७ पासूनचे, त्याआधीचे दहा अंकी, त्यांचा हिशेब निराळा. १९५० च्या मूळ छपाईवर आयएसबीएन दाखवला असेल तर तपासायचीही गरज नाही. ही पद्धतच १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. शोधनिबंधाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाका. भलताच लेख उघडला की समजून जा.

यंत्राला मी अजिबात हात लावत नाही असं नाही. "या विषयाला लोक आणखी कुठल्या शब्दांनी संबोधतात?" हे विचारायला ते फार छान आहे. म्हणजे विषयाच्या ओळीसाठी. कर्ता, तारीख आणि ठिकाण त्याला विचारू नये.

कार्ड कधी करू नये

रोज वाचलेल्या प्रत्येक बातमीचं कार्ड करायला बसलात तर वेड लागेल. आमच्या ग्रंथालयशास्त्रातले मोठे नाव असलेल्या रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा असं आहे, आणि वाचकांत तुम्हीही आलात. मी दोनच वेळा कार्ड करते: बातमी पुढं पाठवायची असेल तेव्हा, किंवा तिच्यावरून पैसे, औषध, मतदान किंवा भांडण यांतलं काही करायचं असेल तेव्हा. एरवी वाचायचं आणि सोडून द्यायचं. ज्या बातमीनं छातीत धडधड होते तिला मात्र कार्ड हवंच, कारण ती तेवढ्यासाठीच लिहिलेली असू शकते.

मोठी घटना घडल्यावर पहिल्या काही तासांत कार्ड करू नका. त्या वेळी सगळ्याच ओळी चौकोनी कंसात जातात. आकडे बदलतात, नावं चुकतात, जुने फोटो वर येतात.

ज्यांच्या ओळी भरल्या ती कार्डं मी एका कप्प्यात ठेवते, अर्धवट दुसऱ्यात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्धवट कप्पा उपसते. काहींची उत्तरं तोवर आलेली असतात, काहींची बातमीच विरून गेलेली असते, ती फाडून टाकते. सर हल्ली स्वतःची कार्डं घेऊन येतात आणि माझ्याच कप्प्यात ठेवतात. त्यांच्या कार्डांवर कंस फार असतात. त्या पुराच्या फोटोचं कार्डही अर्धवट कप्प्यातच आहे. देश सापडला, वर्ष सापडलं. फोटो कुणी काढला, ती ओळ अजून कोरी आहे.